उंदीर वाचला, म्हणून माणूस वाचेल?

पावसाळा सुरू झाला की कुठे उकिरड्याशेजारी, कुठे कुजक्या ओंडक्यावर, तर कुठे शाळेच्या कुंपणापाशी पांढऱ्या-करड्या छत्र्या उगवलेल्या दिसतात. कुत्र्याच्या छत्र्या! आपण काडी घेऊन त्या ढोसायला जातो आणि मागून आजीचा आवाज येतो, "अरे, हात नको लावूस! विषारी असतात त्या."

आजीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, बरं का मित्रांनो! सगळ्याच छत्र्या विषारी नसतात. कोकणात आणि गोव्यात वारुळावरच्या अळंब्यांची लोक वर्षभर वाट बघतात. पण काही जाती मात्र अशा असतात, की एका घासात घात व्हावा. आजची गोष्ट अशाच एका छत्रीची आहे. तिच्यात एक काटेरी झाड आहे, प्रयोगशाळेतले उंदीर आहेत, कुत्री आहेत आणि एक कुटुंबही आहे. सुरुवात त्या कुटुंबापासून करू या.

नव्या वर्षाचं जेवण

१ जानेवारी २००७. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सांताक्रूझ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथलं एक कुटुंब नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सहलीला गेलं. जाताना रानात उगवलेल्या अळंब्या खुडून घेतल्या होत्या. त्या सहा जणांनी मिटक्या मारत खाल्ल्या. चव छान होती. वास छान होता. काही बिघडलं आहे अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही.

काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले आणि सगळे इस्पितळात दाखल झाले. त्यांनी खाल्लेली अळंबी होती ‘डेथ कॅप’, म्हणजे मृत्यूची टोपी! जगात अळंबीच्या विषबाधेने जेवढी माणसं दगावतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूला ही एकच जात कारणीभूत असते. ती मूळची युरोपातली. ओक वृक्षाच्या मुळांशी तिची दोस्ती. युरोपातून परदेशी नेलेल्या झाडांबरोबर तीही अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जाऊन पोचली.

हे विष मोठं लबाड आहे. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, बर्फात ठेवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. ते थांबले की रोग्याला चक्क बरं वाटू लागतं! घरचे म्हणतात, "चला, सुटलो एकदाचे." पण आत यकृत नासत चाललेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, शुद्ध हरपते. तोवर फार उशीर झालेला असतो.

डॉ. टॉड मिचेल या कुटुंबावर उपचार करत होते. त्यांनी शोधाशोध केली, तेव्हा कळलं की जर्मनीत एक औषध मिळतं आणि ते एका काटेरी झाडाच्या बियांपासून बनतं. पण अमेरिकेत त्याला परवानगी नव्हती. मग तातडीची खास परवानगी काढली गेली आणि औषध विमानाने मागवलं गेलं.

ते औषध शिरेतून देण्यात आलं. सहापैकी पाच जण वाचले. आजी मात्र वाचल्या नाहीत.

आता सांगा, औषधाने पाच जणांना वाचवलं असं म्हणायचं का? घाई करू नका. आधी हे औषध आलं कुठून, ते बघू.

विष सापडलं

जर्मनीत म्युनिक शहरात हाइनरिख वीलांड नावाचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना १९२७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. डेथ कॅपमध्ये नेमकं कोणतं विष आहे, याचा ध्यास त्यांच्या प्रयोगशाळेने घेतला होता. १९३७ साली फ्योडोर लिनेन आणि उलरिख वीलांड यांनी एक विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्याचं नाव फॅलॉइडिन. हे लिनेन पुढे हाइनरिख वीलांड यांचे जावई झाले आणि १९६४ साली त्यांनाही नोबेल मिळालं. सासरे-जावई दोघेही नोबेलवाले!

फॅलॉइडिन उंदराला टोचलं की तो काही तासांत मरतो. झालं, सापडला गुन्हेगार, असं वाटलं ना? पण गंमत पाहा. फॅलॉइडिन पोटातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. सुईने टोचलं तर मारतं, पण खाल्लं तर नाही. मग अळंबी खाणारी माणसं कशाने मरतात? खरा गुन्हेगार १९४१ साली त्याच प्रयोगशाळेत हाती लागला. त्याचं नाव अमॅनिटिन.

अमॅनिटिन काय करतं? समजा, यकृतातली प्रत्येक पेशी म्हणजे एक कारखाना आहे. कारखान्याचे सगळे नकाशे एका कपाटात कुलूपबंद आहेत. एक कारकून रोज त्या नकाशांच्या नकला करून कामगारांना देतो आणि त्या नकला पाहून माल तयार होतो. अमॅनिटिन जाऊन त्या कारकुनाचा हातच धरून ठेवतं. नकला बंद, माल बंद, आणि हळूहळू कारखानाही बंद. या कारकुनाचं शास्त्रीय नाव आहे आरएनए पॉलिमरेज.

आणि हे विष पेशीत शिरतं कसं? पित्तातले पदार्थ आत घ्यायला पेशीला काही दारं असतात. त्याच दारांनी हा चोर आत घुसतो. पुढे पित्ताबरोबर आतड्यात उतरतो आणि तिथून रक्तात मिसळून पुन्हा यकृतात! एकच चोर त्याच घरात पुन्हा पुन्हा.

करडईची चुलत बहीण

आता त्या काटेरी झाडाकडे वळू या. त्याचं नाव मिल्क थिसल. पानांवर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेषा, कडांना काटे आणि वर जांभळं फूल. सोलापूर, मराठवाड्याकडच्या मुलांनी करडईचं शेत नक्की पाहिलं असेल. काट्यांनी पाय ओरबाडून निघतात ना? मिल्क थिसल ही या करडईची चुलत बहीणच म्हणा. दोघींचं कूळ एक.

युरोपात यकृताच्या तक्रारींवर या झाडाच्या बिया शतकानुशतकं वापरात होत्या. पण "पूर्वापार देतात" म्हणजे "उपयोग होतो" असं नव्हे. ते तपासून बघावं लागतं. १९६८ साली, त्याच म्युनिक शहरात, हिल्डेबर्ट वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांमधून सिलिमारिन नावाचा अर्क वेगळा केला. ते अनेक पदार्थांचं मिश्रण आहे आणि त्यातला मुख्य पदार्थ म्हणजे सिलिबिनिन.

चार पिंजऱ्यांचा प्रयोग

अर्क मिळाला. आता तो उपयोगी आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

यासाठी साधारण असा प्रयोग करतात. एकाच वयाचे, सारख्या वजनाचे उंदीर घ्यायचे आणि त्यांचे चार गट करायचे. पहिल्या गटाला काहीच द्यायचं नाही. दुसऱ्याला फक्त विष. तिसऱ्याला विष आणि अर्क. चौथ्याला फक्त अर्क.

"चौथा गट कशाला? उगाच खर्च!" असं कुणी म्हणेल. पण अर्कच विषारी निघाला तर? ते कळायला हा चौथा गट लागतो.

मग रक्त तपासायचं. काविळीनंतर बाबांनी रक्त तपासून आणलं असेल, तर त्या कागदावर ‘एसजीपीटी’ हा शब्द वाचलेला आठवतो का? एसजीपीटी हा एरवी यकृताच्या पेशींच्या आत असतो. पेशी फुटल्या की तो रक्तात सांडतो. म्हणजे रक्तात तो जितका जास्त, तितकी यकृताची मोडतोड जास्त. विष दिलेल्या उंदरांत आकडा भरमसाट चढला आणि विषासोबत अर्कही दिलेल्या उंदरांत तो कमी चढला, तर अर्काने काहीतरी राखण केली, असं म्हणता येतं.

आपल्या देशातही असे प्रयोग खूप झाले आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने हिमालयातल्या कुटकीपासून ‘पिक्रोलिव्ह’ नावाचा अर्क तयार करून तो प्राण्यांवर तपासला. भुईआवळा आणि हळद यांचीही परीक्षा अशीच झाली. या प्रयोगांत विष म्हणून पुष्कळदा कार्बन टेट्राक्लोराइड वापरतात. एके काळी कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी ते सर्रास वापरलं जायचं! कधी पॅरासिटामॉलही वापरतात. हो, तापावरची तीच गोळी! योग्य मात्रेत ते औषध, पण भलत्याच मात्रेत यकृताचं विष.

घड्याळाकडे बघा

सिलिमारिनचे उंदरांवरचे प्रयोग झकास यशस्वी झाले. फॅलॉइडिन टोचण्याआधी सिलिमारिन दिलं, तर उंदीर वाचत. टाळ्या!

थांबा. टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, विष कोणतं? फॅलॉइडिन. पण आपण आत्ताच पाहिलं, की माणसं मरतात ती अमॅनिटिनने.

दुसरी गोष्ट, औषध दिलं कधी? विषाच्या आधी. विष देऊन झाल्यावर जितका उशीर करावा, तितका उपयोग कमी होत गेला. साहजिकच आहे. चोर आत शिरण्याआधी दाराशी उभा राहिलेला राखणदार कामाचा, चोर शिरल्यावर आलेला काय कामाचा? आणि कोणता माणूस विषारी अळंबी खाण्याच्या तासभर आधी औषध घेऊन बसतो?

तिसरी गोष्ट, प्राणी कोणता? प्रयोगशाळेत दोन जातींचे उंदीर असतात. छोटे ते माउस, मोठे ते रॅट. छोट्या उंदराला मारणारं अमॅनिटिन मोठा उंदीर पचवून टाकतो! त्याला मारायला वजनाच्या मानाने कितीतरी पट जास्त विष लागतं, कारण त्याच्या यकृताच्या पेशी हे विष फारसं आत घेतच नाहीत. दोन उंदरांतच एवढा फरक, तर उंदीर आणि माणूस यांत किती असेल?

कुत्र्यांनी दिलेलं उत्तर

म्हणून शास्त्रज्ञांनी पुढचा प्रयोग बीगल जातीच्या कुत्र्यांवर केला, कारण कुत्र्याला या अळंबीची बाधा पुष्कळशी माणसासारखीच होते. १९८४ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. कुत्र्यांना सुईने शुद्ध विष न टोचता वाळवलेली डेथ कॅपच खाऊ घातली होती. औषधही आधी दिलं नाही. पाच तासांनी एकदा आणि चोवीस तासांनी पुन्हा, असं सिलिबिनिन दिलं. औषध न दिलेल्या १२ कुत्र्यांपैकी ४ दगावली. औषध दिलेल्यांपैकी एकही नाही.

हा आकडा उंदरांच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. विष खरं तेच, ते गेलं पोटातूनच आणि औषध दिलं नंतर.

पण उशिरा येऊनही राखणदार कामाला आला कसा? आठवा, हा चोर पित्तावाटे बाहेर पडून पुन्हा पुन्हा यकृतात येतो. सिलिबिनिन पेशीची ती दारं अडवतं, त्यामुळे चोराची पुढची फेरी तरी चुकते.

आता तुमच्यातले काही जण नक्की रागावले असतील. "कुत्र्यांना मुद्दाम विष दिलं? त्यांचा काय अपराध?" राग येणं चांगलंच आहे. शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न छळतो. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम मांडले. प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा. प्राणी घ्यावेच लागले तर कमीत कमी घ्या. आणि त्यांना यातना कमीत कमी होतील असं बघा. भारतातही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. हल्ली काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर बरंच काम होतं. पण एका अवयवातून दुसऱ्या अवयवात फिरणारं विष एका बशीत पुरतं कळत नाही. म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग अजून पूर्ण थांबलेले नाहीत.

पुन्हा सांताक्रूझ

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सहापैकी पाच वाचले, ते औषधामुळेच का?

खरं उत्तर असं, की या एका घटनेवरून ते ठरवता येत नाही. त्या सगळ्यांना शिरेतून भरपूर पाणी-क्षारही दिले होते, इतर उपचारही चालू होते. कदाचित काही जण औषधाशिवायही वाचले असते. प्रयोगात असतो तसा ‘औषध न दिलेला गट’ इथे नव्हता. आणि असणार तरी कसा? मरणाच्या दारातल्या माणसाला "तुम्ही त्या दुसऱ्या गटात, तुम्हाला औषध नाही" असं कोण सांगेल? म्हणूनच हे औषध युरोपात १९८० च्या दशकापासून वापरात असूनही त्याचा नेमका उपयोग किती, यावर डॉक्टर अजून चर्चा करतात. कुत्र्यांवरच्या प्रयोगाचं मोल इथे कळतं. माणसांत जी तुलना करणं शक्य नव्हतं, ती त्यांनी करून दिली.

आता दुसरी बाजू पाहा. याच सिलिमारिनच्या गोळ्या ‘यकृताचं टॉनिक’ म्हणून आपल्याकडेही दुकानात मिळतात. उंदीर वाचला, कुत्रा वाचला, मग काविळीला उपयोग होणारच, नाही का? अमेरिकेत हिपॅटायटिस-सी या विषाणूच्या १५४ रुग्णांवर हे तपासून पाहिलं. काहींना सिलिमारिन, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी. निष्कर्ष २०१२ साली छापून आला. दोघांत काही फरक पडला नाही. अळंबीचं विष एका दाराने येतं, विषाणू भलत्याच वाटेने. एका चोराला ओळखणारा राखणदार दुसऱ्याला कसा अडवणार?

आणि "झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना होणार?" असं म्हणत असाल, तर हेही ऐका. फ्रान्समध्ये जर्मँडर नावाची वनस्पती वजन कमी करायला लोक घेत. त्यातल्या काहींना कावीळ झाली, यकृत बिघडलं. १९९२ साली सरकारने तिच्यावर बंदी घातली. आणि डेथ कॅप तरी कुठे कारखान्यात तयार होते? तीही निसर्गाचीच देणगी!

चार प्रश्न

तेव्हा मित्रांनो, "अमुक पानांच्या रसाने उंदरांचं यकृत वाचलं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" अशी बातमी वाचली, किंवा आईच्या मोबाइलवर असा निरोप आला, तर चार प्रश्न विचारायचे. विष कोणतं होतं? औषध आधी दिलं की नंतर? प्राणी कोणता होता? आणि तुलना कोणाशी केली? या चारांची उत्तरं मिळाली नाहीत, तर ती बातमी अर्धीच आहे असं समजा. तिच्यावर विसंबून कोणाला पाला कुटून पाजू नका.

आईबाबांसाठीही दोन शब्द. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर आधी डॉक्टरांकडे जायचं आणि रक्त तपासायचं. भुईआवळा, कुटकी किंवा आणखी काही घरी चालू असेल, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगायचं. लपवलेल्या औषधाने डॉक्टरांचा अंदाज चुकतो.

आणि तुमचा कुणी मामा किंवा आत्या अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहते का? मग त्यांना आजच कळवा. आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढवतात ती खाण्याची अळंबी आणि कोवळी डेथ कॅप दिसायला फार सारख्या असतात. "आपल्याकडच्यासारखीच दिसते" म्हणून खुडलेल्या अळंबीने तिकडे आशियातून गेलेल्या माणसांचे बळी घेतले आहेत. अळंबी खायची तर बाजारातून आणलेली खा. आणि चुकून रानातली पोटात गेलीच, तर काही होतंय का म्हणून वाट बघत बसायचं नाही. उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठायचं. बरं वाटू लागलं तरीही!

येत्या पावसाळ्यात कुत्र्याची छत्री दिसली की ती लांबूनच न्याहाळा, वहीत तिचं चित्र काढा. आणि आजी ओरडली तर या वेळी "का?" असं तिला विचारू नका. उलट तुम्हीच तिला सांगा, का ते!